भाद्रपदाच्या आधी वाचा: घरच्या कुत्र्या-मांजरांचं प्रजनन

गणपतीच्या दिवसांत पावसाची झड थोडी उघडते आणि गावातल्या पाणंदींमधून कुत्र्यांचे घोळके फिरायला लागतात. पुढे एक कुत्री, मागे सहा-सात कुत्रे, रात्रभर भांडणं. 'भाद्रपद' या शब्दाला आपल्याकडे जो दुसरा अर्थ चिकटलाय तो इथूनच. त्याच दिवसांत मला फोन यायला लागतात. "ताई, आमच्या कुत्रीला रक्त येतंय, कुठे लागलं का बघता?" "मांजर लोळतेय नि ओरडतेय, विषारी काही खाल्लं असेल का?"

मी मालवण तालुक्यात राहते. गेली अकरा वर्षं नसबंदीच्या शिबिरांत डॉक्टरांच्या हाताखाली काम करते: जनावर धरायचं, भूल उतरेपर्यंत शेजारी बसायचं, नोंदी ठेवायच्या. मी डॉक्टर नाही. कुठलं औषध किती द्यायचं हे डॉक्टरांनीच सांगायचं, ते इथे नाही. पण घरात पहिल्यांदा पिल्लू आणलेल्या माणसाला जे कळायला हवं आणि जे कुणी नीट समजावून सांगत नाही, ते एवढ्या वर्षांत माझ्या हाताखालून गेलंय.

बहुतेक चुका एकाच ठिकाणी होतात. आपण माणसाचं शरीर या जनावरांवर लादतो. कुत्रीला रक्त दिसलं की पाळी आली म्हणतो, नसबंदी म्हटलं की नळी बांधली असं समजतो. कुत्रीचं शरीर बाईसारखं चालत नाही आणि भाटीचं, म्हणजे मांजराच्या मादीचं, कुत्रीसारखंही चालत नाही. हे तिन्ही हिशेब वेगवेगळे ठेवले की पुढचं सगळं सोपं आहे.

पहिली पायरी: नर की मादी ते हातात घेऊन बघा

कुत्र्याच्या पिल्लात गोंधळ होत नाही. पिल्लाला उताणं धरा. नराच्या पोटावर, बेंबीच्या थोडं खाली, लिंगाचं टोक दिसतं. मादीचं योनीद्वार मागच्या दोन पायांच्या मध्ये असतं. स्तनाग्रं नरालाही असतात, तेव्हा त्यावरून काही ठरवू नका.

मांजरात मात्र भलेभले फसतात. बोक्याचं लिंग कुत्र्यासारखं पोटावर नसतं. ते शेपटीखाली असतं आणि त्याचं टोक मागे वळलेलं असतं. म्हणून पिल्लाची शेपूट हलकेच वर उचला. वर गुदद्वार दिसेल. त्याच्या खालचं छिद्र किती अंतरावर आहे आणि कसं आहे ते बघा. भाटीत ते अगदी जवळ असतं आणि उभ्या बारीक चिरेसारखं दिसतं. बोक्यात मध्ये बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढी जागा सुटते आणि छिद्र गोल ठिपक्यासारखं असतं. त्या मोकळ्या जागेत पुढे वृषणांचे दोन मऊ फुगवटे येतात. एकटं पिल्लू बघून नवख्याला सांगता येत नाही, एका वेताची दोन-तीन पिल्लं शेजारी शेजारी धरली की फरक लगेच दिसतो.

अंगावर काळा, पांढरा आणि नारिंगी असे तीन रंग असतील तर ती बहुधा भाटीच. नारिंगी रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. मादीत दोन एक्स असल्यामुळे अंगाच्या काही भागात एक चालतो, काही भागात दुसरा, आणि काळे-नारिंगी ठिगळ एकत्र दिसतात. बोक्याला एकच एक्स, त्यामुळे तो एकतर नारिंगी नाहीतर काळा. तीन रंगांचा बोका क्वचितच सापडतो.

दुसरी पायरी: नराचे वृषण मोजा

हे काम दोन मिनिटांचं आहे आणि जवळपास कुणी करत नाही.

वृषण गर्भात असताना पोटात, मूत्रपिंडांच्या जवळ तयार होतात आणि हळूहळू खाली सरकत वृषणकोशात उतरतात. कुत्र्याच्या पिल्लात दोन महिन्यांपर्यंत दोन्ही हाताला लागायला हवेत. काहींना थोडा उशीर होतो. सहा महिने झाले तरी एकच लागत असेल, तर दुसरा पोटात किंवा जांघेत अडकलाय असं समजा आणि डॉक्टरांना दाखवा.

शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा थोडी थंड जागा लागते, म्हणून तर वृषण बाहेर लोंबतात. आत अडकलेल्या वृषणात शुक्राणू होत नाहीत, पण नराचा संप्रेरक, टेस्टोस्टेरॉन, तयार होतच राहतो. म्हणजे कुत्रा वागायला पूर्ण नरच. शिवाय अडकलेल्या वृषणात गाठ होण्याचा धोका खाली उतरलेल्यापेक्षा बराच जास्त असतो. हा दोष पिढीतून पुढे जातो, म्हणून अशा कुत्र्यापासून पिल्लं घेऊ नका आणि ऑपरेशन करताना दोन्ही वृषण काढून घ्या. बाहेरचा एकच काढून आतला तसाच ठेवलेला कुत्रा माझ्या पाहण्यात आहे. मालक तीन वर्षं म्हणत होते, नसबंदी करूनही हा माद्यांमागे धावतो कसा.

कुत्र्याच्या लिंगात एक हाड असतं. त्याच्या मुळाशी एक गाठ असते, ती मिलनाच्या वेळी फुगते. त्या गाठीचं काम पुढे सांगते. प्रोस्टेट ही ग्रंथी मूत्रमार्गाला वेढून बसलेली असते. खच्ची न केलेल्या कुत्र्यात ती उतारवयात वाढत जाते. म्हातारा कुत्रा शौचाला बसून कुंथायला लागला, किंवा लिंगातून रक्ताचे थेंब दिसले, तर तिकडे लक्ष जायला हवं.

बोक्याच्या लिंगावर बारीक काटे असतात, मागच्या बाजूला वळलेले. हे काटे टेस्टोस्टेरॉनवर जगतात. वृषण काढले की काही आठवड्यांत झिजून जातात. मोठ्या बोक्याचे फुगलेले गाल, उभं राहून शेपूट थरथरवत भिंतीवर मारलेली मुताची पिचकारी आणि तिचा तो उग्र वास, हे सगळं त्याच एका संप्रेरकाचं काम. ती सवय लागायच्या आधी खच्ची केलं तर बहुतेक बोके पिचकारी मारतच नाहीत.

तिसरी पायरी: मादीच्या पोटात काय आहे ते डोळ्यासमोर आणा

आंब्याच्या दिवसांत पोरं बेचकी घेऊन हिंडतात ना, तिचा आकार आठवा. कुत्रीचं आणि भाटीचं गर्भाशय तसं असतं: खाली आखूड दांडा आणि वर दोन लांब फाटे. बाईचं गर्भाशय एका पेरूएवढं, एका बाळासाठी. इथे पिल्लं दोन्ही फाट्यांत, वालाच्या शेंगेत दाणे असतात तशी एकामागे एक बसलेली असतात. एका वेतात पाच-सहा पिल्लं कशी मावतात याचं उत्तर या लांब फाट्यांत आहे.

प्रत्येक फाट्याच्या टोकाला एक अंडाशय. ते मूत्रपिंडाच्या मागेच, म्हणजे पाठीच्या बाजूला, शेवटच्या बरगडीजवळ, एका दोरीसारख्या बंधाने घट्ट बांधलेले असतात. कुत्रीचं अंडाशय चरबीच्या पिशवीत इतकं दडलेलं असतं की टेबलावर बाहेर काढलं तरी डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागतं. पहिल्या शिबिरात डॉक्टरांनी मला ते हातात देऊन चाचपायला सांगितलं होतं. चरबीच्या आत हरभऱ्याच्या दाण्यासारखं टणक काहीतरी. हे लक्षात ठेवा, नसबंदीच्या पायरीत पुन्हा लागेल.

कुत्रीला साधारण दहा स्तन, भाटीला आठ. दर महिन्याला त्यांवरून हात फिरवायची सवय लावून घ्या. भाटीच्या स्तनातली गाठ बहुतेक वेळा कर्करोगाची निघते. कुत्रीत साधारण निम्म्या गाठी तशा असतात. बोराएवढी गाठ लागली तरी पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

चौथी पायरी: कुत्रीचा माज कॅलेंडरवर लिहा

पहिला माज लहान जातीच्या आणि गावठी कुत्रीला साधारण सहा ते बारा महिन्यांच्या वयात येतो, मोठ्या जातींना दीड वर्षंही लागतं. त्यानंतर पाळीव कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी एकदा माजावर येते. गावातल्या मोकळ्या कुत्र्या मात्र बहुतेक पावसाळा सरताना माजावर येतात. म्हणून तो भाद्रपद, आणि म्हणूनच कार्तिक-मार्गशीर्षात पिल्लंच पिल्लं.

माजाचे दोन भाग असतात आणि त्यांची गल्लत झाली की फसगत ठरलेली.

पहिला भाग साधारण नऊ दिवसांचा. योनीद्वार सुजतं, रक्ताळ स्राव होतो, कुत्री सारखी थोडं थोडं मुतते. तिच्या वासावर कुत्रे जमतात, पण ती कुणाला जवळ येऊ देत नाही. गुरगुरते, खाली बसते. दुसरा भागही साधारण नऊ दिवसांचा. आता स्राव फिकट होतो, गवती रंगाचा. पाठीवर, शेपटीच्या मुळाशी हात ठेवला की कुत्री शेपूट बाजूला वळवून स्तब्ध उभी राहते. खरा धोका याच दिवसांत. लोक नेमकं उलटं करतात: रक्त दिसतं तोवर कोंडून ठेवतात आणि रक्त थांबलं की 'झाला माज' म्हणून सोडतात.

हे दिवस कुत्रीगणिक बदलतात. कुणाचा पहिला भाग चार दिवसांत संपतो, कुणाचा पंधरा दिवस चालतो. म्हणून दिवस मोजून सोडू नका. रक्ताचा पहिला थेंब दिसला ती तारीख लिहा आणि तिथून निदान चार आठवडे कुत्री एकटी बाहेर जाणार नाही असं बघा. आपल्या चिऱ्याच्या गडग्यांवर विसंबू नका. कमरेएवढा गडगा कुत्रा एका उडीत पार करतो. अंगणात बांधलेली कुत्री हमखास लागते. रात्री तिला ओटीवर नाही, घरात घ्या.

आता त्या रक्ताबद्दल. बाईची पाळी म्हणजे गर्भ राहिला नाही म्हणून गर्भाशयाचं अस्तर गळून पडणं. कुत्रीचं रक्त बीजांड सुटायच्या आधी येतं. इस्ट्रोजेन हा मादीचा संप्रेरक वाढला की गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, बारीक रक्तवाहिन्या भरून येतात आणि त्यांतून रक्त झिरपतं. म्हणजे बाईत रक्त सांगतं की या महिन्याची संधी गेली, कुत्रीत सांगतं की संधी येतेय. एवढं एक वाक्य घरातल्या सगळ्यांना कळलं तरी गावातली निम्मी नको असलेली पिल्लं टळतील असं मला मनापासून वाटतं.

बीजांड सुटल्यावरही दोन-तीन दिवस पिकावं लागतं, आणि कुत्र्याचे शुक्राणू कुत्रीच्या शरीरात पाच-सहा दिवस जिवंत राहू शकतात. त्यामुळे 'एकदाच तर लागली' याला काही अर्थ नाही. एकाच वेतात वेगवेगळ्या बापांची पिल्लंही होतात. आणि बाईसारखी पाळी कायमची बंद होणं कुत्रीत नसतं. दहा वर्षांची कुत्रीही माजावर येते आणि गाभण राहू शकते.

माज संपल्यावर दोन महिने प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवणारा संप्रेरक, चढलेलं राहतं, कुत्री गाभण असो वा नसो. ते उतरताना काही कुत्र्यांना खोटी गर्भधारणा होते. आमच्या शेजारच्या कुत्रीने एकदा माडाखाली गळून पडलेले बारके नारळ एकेक करून पडवीच्या कोपऱ्यात आणले, त्यांना कुशीत घेऊन बसली, आणि तिच्या स्तनांत दूध उतरलं होतं. जवळ गेलं की गुरगुरायची. हा आजार नव्हे. ते नारळ हळूच उचलून घ्या, तिला फिरायला न्या, आणि दूध पिळू नका, पिळलं की आणखी येतं. साधारण दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. दर वेळी असं होत असेल किंवा स्तन लाल, गरम झाले असतील तर डॉक्टर.

पाचवी पायरी: भाटीचा हिशेब वेगळा मांडा

भाटी माजावर आली की रक्त येत नाही, सूज फारशी दिसत नाही. दिसतं ते वागणं. ती लोळते, अंग घासते, पुढचे पाय टेकून मागचा भाग वर करते, मागचे पाय जागच्या जागी तुडवते आणि ओरडते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती कळवळतेय असंच वाटतं. आमच्या शेजारच्या काकी भर रात्री कंदील घेऊन आल्या होत्या, "मांजराक काय झाला गो? रातभर बोंबलता." काकींना शांत करायला मी मांजराच्या शेपटीच्या मुळाशी बोटं टेकवली. तिने लगेच शेपूट बाजूला केली आणि पाय तुडवायला लागली. दुखणाऱ्या मांजराला पाठीला हात लावला तर ते चावेल किंवा पळेल, असं करणार नाही.

भाटीचा मोठा फरक असा: तिचं बीजांड आपोआप सहसा सुटत नाही, मिलन झाल्यावर सुटतं. बोक्याच्या लिंगावरचे ते काटे मागे ओढले जाताना योनीत जी चेतना होते, तिचा निरोप मेंदूपर्यंत जातो, मेंदू संप्रेरक सोडतो आणि एक-दोन दिवसांत बीजांडं बाहेर पडतात. मिलन काही सेकंदांचं, भाटी किंचाळून बोक्यावर पंजा उगारते, बाजूला होऊन लोळते आणि थोड्या वेळाने पुन्हा तयार होते. बहुधा अशी अनेक मिलनं लागतात. गर्भ राहण्याची शक्यता यामुळेच फार जास्त असते, कारण बीजांड आणि शुक्राणू वेळेवर भेटणारच अशी ही व्यवस्था आहे.

बोका भेटलाच नाही तर? माज साधारण आठवडाभर राहतो, ओसरतो आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा येतो. पुन्हा, पुन्हा. हे चक्र दिवसाच्या लांबीवर चालतं. थंड देशांत दिवस लहान झाले की मांजरी काही महिने शांत होतात. आपल्या किनाऱ्यावर डिसेंबरातला सर्वांत लहान दिवसही ११ तासांचा असतो, शिवाय घरात रात्री ट्यूबलाइट. म्हणून इथे ती थंडीची विश्रांती नावापुरतीच, किंवा नाहीच.

आणखी दोन गोष्टी, ज्या ऐकून बहुतेक जण दचकतात. भाटी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते. म्हणजे तुम्ही जिला अजून पिल्लू म्हणता, तिलाच पिल्लं. आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा माजावर येऊ शकते. वर्षात तीन वेत सहज होतात. बंदरावर मासळीची ददात नसते, मांगराच्या माळ्यावर गवत असतं, पण म्हणून ती सगळी पिल्लं जगतात असं नाही. पावसात भिजलेली, डोळे चिकटलेली पिल्लं मी दरवर्षी उचलते, आणि त्यांतली फार थोडी वाचतात.

ओरडणं थांबावं म्हणून मांजरीला माणसांच्या गर्भनिरोधक गोळ्या देणारे लोक आहेत. कृपा करून देऊ नका. प्रोजेस्टेरॉनसारखी ही औषधं वारंवार पडली की गर्भाशयात पू होतो, स्तन सुजून लोंबायला लागतात, गाठींचा धोका वाढतो.

सहावी पायरी: लागलेली जोडी सोडवायला जाऊ नका

कुत्र्याच्या लिंगाच्या मुळाशी गाठ असते म्हटलं, ती मिलनात योनीच्या आत फुगते आणि योनीचे स्नायू तिच्याभोवती आवळतात. दोघं अडकतात. कुत्रा पाय उचलून वळतो आणि दोघांची तोंडं दोन दिशांना होतात. हे पाच मिनिटं चालेल, अर्धा तास चालेल, कधी त्याहून जास्त. गाठ उतरली की आपोआप सुटतात.

या वेळी दगड मारणं, काठीने हाणणं, गरम पाणी ओतणं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ओढाताणीत कुत्रीची योनी फाटते, कुत्र्याच्या लिंगाला इजा होते. आणि उपयोग शून्य, कारण शुक्राणू सुरुवातीच्या काही मिनिटांतच आत गेलेले असतात, पुढचा स्राव बहुतांश प्रोस्टेटचा असतो. मुलं जमली असतील तर त्यांना बाजूला घ्या आणि तेवढा वेळ जाऊ द्या. तुमची कुत्री असेल तर ती घाबरून ओढू नये म्हणून शांतपणे डोकं धरून बसा. नंतर लगेच डॉक्टरांशी बोला. गर्भ राहू नये म्हणून पूर्वी सर्रास देत असत ते इस्ट्रोजेनचं इंजेक्शन रक्त तयार करणाऱ्या मज्जेला धक्का देऊ शकतं, तेव्हा ते मागून घेऊ नका. पिल्लं नकोच असतील तर पुढे नसबंदी करणं हाच जास्त सुरक्षित मार्ग.

मोकळ्या कुत्र्यांत मिलनातून पसरणारी एक गाठ आहे, ती ओळखता यायला हवी. लिंगावर किंवा योनीत फुलकोबीच्या गड्ड्यासारखा लाल, सहज रक्त येणारा मांसल गोळा. इथे कर्करोगाच्या पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जातात, चाटण्यातून नाकातोंडातही रुजतात. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रं असतात, या गाठीच्या पेशीत त्याहून बरीच कमी. म्हणजे त्या पेशी आजारी कुत्र्याच्या स्वतःच्या नव्हेत, हजारो वर्षांपूर्वीच्या एका कुत्र्याच्या पेशींचा वंश आहेत. बघायला भयंकर, पण विन्क्रिस्टिन या औषधाच्या आठवड्याला एक अशा काही इंजेक्शनांनी बहुतेक कुत्रे पूर्ण बरे होतात. 'घाण रोग झालाय' म्हणून हाकललेल्या कुत्रीला आम्ही सहा आठवड्यांत ठणठणीत झालेलं पाहिलंय.

सातवी पायरी: गाभण असेल तर

दोघींचाही काळ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा, नऊ आठवडे धरा. कुत्रीत मिलनाच्या तारखेपासून मोजलं तर थोडं पुढेमागे होतं, कारण बीजांड कधी सुटलं ते आपल्याला दिसलेलं नसतं. पोटाच्या सोनोग्राफीत चार आठवड्यांनी गर्भ दिसतात. किती पिल्लं आहेत ते मोजायचं असेल तर शेवटच्या दहा दिवसांतला एक्स-रे, तोवर हाडं पक्की झालेली असतात.

जागा शेवटच्या आठवड्यात नव्हे, दोन आठवडे आधी तयार करा. कोरडी, अंधारी, वाऱ्यापासून आडोशाची. माजघराचा कोपरा चांगला. खाली गोणपाट, वर जुनं लुगडं, आणि बदलायला चार तुकडे जास्त. कुत्रीचं अंग नेहमी साधारण ३८.५ अंश सेल्सियस असतं, ते ३७.२ च्या खाली उतरलं की बहुधा २४ तासांत विते.

डॉक्टरांना फोन कधी करायचा ते भिंतीवर लिहून ठेवा. जोराच्या कळा अर्धा तास चालूनही पिल्लू येत नाही. आत पिल्लं आहेत हे माहीत असून दोन तास काहीच नाही. पहिल्या पिल्लाच्या आधीच हिरवा स्राव दिसला. हिरवा रंग वारेतून येतो, पिल्लू बाहेर आल्यानंतर तो कुत्रीत नेहमीचाच, पण आधी आला तर वार सुटली आणि पिल्लू गुदमरतंय असा त्याचा अर्थ होऊ शकतो. आमच्या तालुक्यात रात्री गाडी मिळत नाही. त्यामुळे रिक्षावाल्याचा नंबर आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचा नंबर हे आधीच असू द्या.

पिल्लं झाल्यावर दोन-चार आठवड्यांनी, विशेषतः लहान चणीची कुत्री थरथरायला लागली, पाय ताठ झाले, तर रक्तातलं कॅल्शियम उतरलंय. घरी थांबू नका, त्याच तासाला न्या.

आठवी पायरी: माजानंतरचे दोन महिने डोळे उघडे ठेवा

आमची कुत्री, काळी, सात वर्षांची होती. गणपतीनंतर माजावर आली, आम्ही जपली, कुणी लागलं नाही. दिवाळीत ती उलट्या करायला लागली. पोरांनी चकल्या घातल्या असतील म्हणून मी तिला एक दिवस उपाशी ठेवलं. पाणी मात्र ती खूप पीत होती, रात्री उठून दोनदा बाहेर जायची. मी शिबिरात चार वर्षं काम केलेली, तरी माझ्या डोक्यात आलं नाही. तिसऱ्या दिवशी ती उठेना तेव्हा गाडी करून नेली.

गर्भाशयात पू झाला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन करून ते बाहेर काढलं आणि ट्रेमध्ये ठेवलं. जे फाटे एरवी पेन्सिलीहून बारीक असतात, ते पडवळासारखे फुगले होते. काळी वाचली, पण आठ दिवस सलाइनवर होती.

हे का होतं ते समजून घ्या. माजानंतर प्रोजेस्टेरॉन दोन महिने गर्भाशयाला गर्भासाठी तयार ठेवतं: अस्तर जाड, आत स्राव, तोंड बंद, जंतूंना हाकलणारं आकुंचन थांबलेलं. दर माजाला हे होतं आणि वयाबरोबर अस्तर बिघडत जातं. अशात माजाच्या वेळी आत शिरलेले जंतू वाढले की पू. मधल्या किंवा उतारवयाची कुत्री, माज होऊन चार ते आठ आठवडे झालेत, पाणी फार पितेय, खात नाही, सुस्त आहे, यांतलं एवढं जुळलं तरी पुरे. खालून पू दिसायची वाट बघू नका. गर्भाशयाचं तोंड मिटलेलं असेल तर बाहेर काहीच दिसत नाही, आणि तोच प्रकार जास्त घातक.

नववी पायरी: नसबंदी कधी आणि नेमकं काय

हा शब्द माणसांकडून घेतलाय आणि तो फसवतो. बाईच्या नसबंदीत नळी बांधतात, अंडाशय तसेच राहतात. कुत्री आणि भाटीत बहुधा अंडाशय आणि गर्भाशय दोन्ही काढतात. नुसती नळी बांधली तर माज, कुत्र्यांचे घोळके, पू होण्याचा धोका, सगळं तसंच राहील. ऑपरेशननंतरही माज आला तर अंडाशयाचा तुकडा त्या चरबीत मागे राहिलेला असू शकतो. तेव्हा 'असं होतंच' म्हणून गप्प बसू नका, पुन्हा दाखवा. नरात दोन्ही वृषण काढतात. नळ्यांत उरलेले शुक्राणू काही आठवडे टिकू शकतात, म्हणून महिनाभर माजावरच्या मादीपासून दूर ठेवा.

भाटीसाठी पाचवा महिना उलटायच्या आत. गावठी आणि लहान कुत्रीसाठी साधारण सहा महिने, पहिल्या माजाच्या आधी, कारण त्याने स्तनांतल्या गाठींचा धोकाही कमी होतो. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातीत हाडांची वाढ पूर्ण होऊ द्यावी का, हे डॉक्टरांना विचारून ठरवा. कुत्री ऐन माजात असताना मुद्दाम ऑपरेशन करू नका, रक्तवाहिन्या भरलेल्या असतात. दोन-तीन महिने थांबा. 'एक वेत झालं पाहिजे, नाहीतर जनावर झुरतं' असं सांगणारे घरोघरी भेटतील. त्याला शरीरात कुठे आधार नाही.

तालुक्याचा दवाखाना मुख्यतः गाई-म्हशींसाठी असतो, तिथे ही सोय असेलच असं नाही. आधी फोन करा. आमच्याकडचे कित्येक जण कुडाळ, सावंतवाडी नाहीतर गोव्यापर्यंत जातात. गावच्या मोकळ्या कुत्र्यांसाठी २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेत. त्यांनुसार नसबंदी आणि रेबीजची लस करून कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं असतं आणि ही जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेची असते. ग्रामसभेत हा विषय मांडता येतो. कानाला खाच असलेलं कुत्रं दिसलं तर त्याचं काम झालंय असं समजा.

तारीख निवडताना जमलं तर ऐन आषाढ टाळा. ओल आणि चिखल टाक्यांचे शत्रू, त्यात माशी बसली की दोन दिवसांत जखमेत किडे पडतात. आषाढातच करावं लागलं तर दहा-बारा दिवस जनावर घरात ठेवा, ओटीवरही नको. गळ्यात नरसाळ्यासारखी कॉलर घाला, म्हणजे तोंड टाक्यांपर्यंत पोचत नाही, नाहीतर चाटून टाके उसवतात. रोज सकाळ-संध्याकाळ उजेडात टाके बघा: थोडी सूज चालते, पाणी किंवा वास आला तर त्याच दिवशी न्या. टाके निघाल्यावर रोजच्या भाकरीतली चतकोर कमी करा, ऑपरेशननंतर भूक वाढते आणि अंग तेवढं खर्चत नाही.